राजर्षी शाहू छत्रपती आणि मॅट्रिकची वाट

आपल्या शिंपी समाजातील जुन्या घरांच्या भिंतींवर पांडुरंगाच्या आणि नामदेवरायांच्या तसबिरींशेजारी एखादे पिवळे पडलेले प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लावलेले पुष्कळांनी पाहिले असेल. ते असते घरातील पहिल्या मॅट्रिक झालेल्या पुरुषाचे. त्याच्या मागून त्या घरात पदवीधर झाले, डॉक्टर झाले, वकील झाले. पण त्यांची प्रमाणपत्रे कपाटात राहिली आणि भिंतीवरचा मान मॅट्रिकच्या कागदासच मिळाला. हा मान अनाठायी नव्हे. ज्या काळी गावात एखाद्यास इंग्रजी तार वाचता आली तरी लोक त्याच्याकडे आदराने पाहात, त्या काळी मॅट्रिक होणे म्हणजे एका कुटुंबाचा जन्मच पालटणे होते. ही वाट ज्यांच्यामुळे आपल्यासारख्या समाजांना मोकळी झाली, त्या कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचे चरित्र या वर्षीच्या स्मरणिकेत सादर करण्याचे आम्ही योजिले आहे. महाराजांच्या चरित्राचे पैलू अनेक आहेत. त्यांतील एकाच पैलूवर आम्ही विशेष भर देणार आहोत, हे वाचकांनी प्रारंभीच ध्यानात घ्यावे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब हे कागलचे जहागीरदार. आई राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यातील. यशवंतराव तीन वर्षांचे होण्याच्या सुमारास मातृछत्र हरपले आणि बाराव्या वर्षाच्या आत पितृछत्रही गेले. या दोन वियोगांच्या दरम्यान, १७ मार्च १८८४ रोजी, चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाईसाहेब यांनी त्यांना दत्तक घेतले आणि कागलचा हा मुलगा कोल्हापूरच्या गादीचा वारस झाला. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि पुढे धारवाडास फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. रघुनाथराव सबनीस हे त्यांचे शिक्षक. तेच पुढे संस्थानचे दिवाण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी महाराजांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते.

राजपुत्रांच्या शिक्षणाची तऱ्हा निराळी असे. विद्यापीठाच्या परीक्षांच्या वाटेने महाराज स्वतः गेले नव्हते. घोडा, मल्लविद्या, शिकार यांत रमणारा हा धिप्पाड पुरुष परीक्षेच्या मंडपात बसलेला आपल्या डोळ्यांपुढे येतच नाही. पण त्या मंडपाबाहेर कोण कोण राहून जाते आणि का राहून जाते, याचा विचार त्या काळी त्यांच्याइतका बारकाईने फार थोड्यांनी केला असेल.

कारभार हाती घेतल्यावर त्यांना जे चित्र दिसले, ते आकड्यांतच सांगणे बरे. सन १८९४ मध्ये संस्थानच्या सामान्य कारभारातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते; खासगीकडील ५३ जागांपैकी ४६ जागी तेच होते. लोकसंख्येने सुमारे नऊ लाखांच्या त्या संस्थानात शेतकरी, धनगर, शिंपी, कोष्टी, सोनार, मुसलमान, जैन, लिंगायत आणि अस्पृश्य मानलेले लोक यांचा भरणा. पण कचेरीत त्यांची दाद लावणारा त्यांच्यातील माणूस जवळजवळ नव्हता. यात कोणा एका जातीस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ब्राह्मण समाजाने विद्येसाठी कष्ट सोसले, त्याचे फळ त्यास मिळाले. प्रश्न एवढाच होता की, तसेच कष्ट सोसावयास तयार असलेल्या इतरांच्या मुलांना ते सोसण्याची जागा कोठे होती?

येथे मॅट्रिकविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. कारण आजच्या मुलांस त्या परीक्षेची कल्पना येणे कठीण आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याने प्रवेशपरीक्षा घेतली. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखे पुरुष त्या पहिल्या तुकडीतले. हीच ती मॅट्रिक्युलेशन. मराठी इयत्ता संपवून मुलाने इंग्रजी पहिलीत जावे आणि इंग्रजी सातवीच्या अखेरीस या परीक्षेस बसावे, असा तो क्रम. इंग्रजी भाषा, संस्कृत किंवा फारसीसारखी दुसरी भाषा, गणित, इतिहास-भूगोल, शास्त्र. आणि वरच्या इयत्तांतील विषयांचे माध्यमही इंग्रजीच. एका विषयात घसरला की मुलगा सबंध परीक्षेत नापास. हुशार म्हणून नावाजलेली मुले दोन-दोन, तीन-तीन वाऱ्या करीत. परीक्षा घेणार मुंबईचे विद्यापीठ. तेथे कोल्हापूरच्या छत्रपतींचा शब्द चालण्यासारखा नव्हता. महाराज जहागीर देऊ शकत, इनाम देऊ शकत; पण आपल्या रयतेतील एका पोरास मॅट्रिकचा एक गुण बहाल करणे त्यांच्या हाती नव्हते. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवली म्हणजे त्यांनी पुढे जे केले त्याचे मर्म कळते. परीक्षा सोपी करण्याचा मार्ग त्यांना उपलब्धच नव्हता, आणि तो असता तरी त्यांनी तो धरला असता असे आम्हांस वाटत नाही. त्यांनी लक्ष घातले ते परीक्षेच्या अलीकडील सात वर्षांत.

मॅट्रिकपर्यंत नेणारे शिक्षण मिळे ते प्रायः शहरात. कोल्हापूरचे राजाराम हायस्कूल हे त्यांतील प्रमुख. भुदरगड, पन्हाळा, गडहिंग्लज, शिरोळ अशा पेट्यांतील मुलाने मराठी शाळा संपविली की त्यास राजधानीत येऊन राहणे भाग होते. फी ही अडचण होतीच. पण तिच्याहून मोठी अडचण म्हणजे राहावे कोठे आणि जेवावे कोठे! गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यास यावर परंपरेने तोड काढून दिली होती. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी असे वार लावून तो जेवी. कोठे माधुकरी मागे. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सद्गृहस्थाच्या सोप्यावर पथारी टाकी. त्यात हाल होते, अपमानही होता. पण सात वर्षे निभावून नेण्याची सोय होती आणि तीमागे सबंध समाजाचे पुण्यबुद्धीचे पाठबळ होते. शिंप्याच्या, माळ्याच्या किंवा कुणब्याच्या मुलाने वार कोणाकडे लावावे? त्याच्या जातीची शहरात जी घरे, ती स्वतःच हातावर पोट असणारी. आणि परजातीच्या घरात त्यास पंक्तीस बसविण्याची त्या काळी चाल नव्हती. महार-मांगांच्या मुलास तर भाड्याने खोली देणाराही मिळत नसे. तात्पर्य, जी मुले मॅट्रिकपर्यंत पोहोचत नव्हती त्यांतील कितीतरी बुद्धीने अडली नव्हती. ती भाकरीपाशी अडली होती.

आपल्या समाजापुरते बोलावयाचे तर आणखी एक गोष्ट होती, आणि ती सांगण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. शिंप्याच्या घरात मूल सात-आठ वर्षांचे झाले की त्याच्या हाती सुई येई. काजे करणे, बटणे लावणे, हातशिलाई घालणे ही कामे मुलांचीच. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत तर अंथरुणावर पडण्याआधी मुलाने अमुक इतके काजे केलेच पाहिजेत असा दंडक असे. मुलगा शाळेत गेला की घरातील दोन हात कमी झाले. पुन्हा तो शहरी गेला तर त्याच्या जेवणाचा पैका पाठवावा लागणार, म्हणजे मिळकत गेली आणि वर खर्च आला. अशा बापाने मुलास शाळेतून काढून दुकानात बसविले, तर त्यास अडाणी म्हणणे सोपे आहे. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांनी इंग्रजी तिसरीतून अशीच शाळा सोडली होती. बीजगणिताची वही त्यांनी अखेरपर्यंत गिऱ्हाइकांची मापे लिहिण्यास वापरली.

महाराजांचा पहिला प्रयत्न सरळ होता. सन १८९६ मध्ये त्यांनी राजाराम कॉलेजाशी संलग्न असे एक वसतिगृह काढले आणि ते सर्व जातींच्या विद्यार्थ्यांस खुले ठेवले. नियमात कोणासही मज्जाव नव्हता. परंतु काही वर्षांतच असे दिसून आले की, तेथे राहणारे विद्यार्थी जवळजवळ सर्व ब्राह्मण आहेत. सर्वांसाठी उघडलेल्या दारातून आधीच दाराशी उभे असलेलेच आत जातात, ही गोष्ट महाराजांस या अनुभवाने उमगली. दुष्काळ आणि प्लेग यांनी त्या काळी संस्थानास ग्रासले होते; महाराज गावोगाव हिंडत होते आणि शेतकऱ्यांची स्थिती प्रत्यक्ष पाहात होते. त्या हिंडण्याचा आणि या वसतिगृहाच्या अनुभवाचा परिणाम म्हणजे १९०१ साली निघालेले व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग. त्याच साली जैन विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृह निघाले. महाराजांनी अशा संस्थांस जागा दिल्या, इमारती दिल्या, वार्षिक नेमणुका बांधून दिल्या; तथापि चालविण्याची जबाबदारी त्या त्या समाजातील पुढाऱ्यांवर टाकली. हा बारकावा आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. सरकारी खानावळ काढून त्यांना थांबता आले असते. पण ज्या समाजास वार लावण्याची परंपरा नव्हती त्या समाजात ती निर्माण व्हावी, आपल्या जातीच्या परक्या मुलास जेवू घालणे हे आपले काम आहे असे त्यास वाटावे, हा त्यामागील हेतू होता.

पुढील वर्षी, २६ जुलै १९०२ रोजी, तो प्रसिद्ध हुकूम निघाला. बादशहा सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहणसमारंभासाठी महाराज तेव्हा विलायतेत होते. केंब्रिज विद्यापीठाने त्याच साली त्यांस एल्‌एल्.डी. ही सन्मान्य पदवी दिली. हुकुमाचा आशय असा की, त्या तारखेपासून संस्थानच्या नोकरीतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांस द्याव्यात. आणि मागासलेले वर्ग म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व तत्सम पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे. या हुकुमाची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे. पण हुकूम आणि वसतिगृहे या एकाच गाड्याच्या दोन बैलांची जोडी होती, हे पुष्कळदा विसरले जाते. जागा राखून ठेवल्या, पण त्यांवर बसावयास शिकलेला मुलगा नसेल तर हुकूम दप्तरातच राहणार. मुलगा शिकला, पण कचेरीत त्यास कोणी उभे करीत नसेल तर बाप दुसऱ्या मुलास शिकविणार नाही. शिंप्याच्या दुकानात बसलेल्या बापास सात वर्षांच्या खर्चाचे उत्तर हवे होते. ते या हुकुमाने दिले. सन १९१२ पर्यंत सामान्य कारभारातील ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मणांची संख्या ३५ वर आली होती. हा फरक अठरा वर्षांतील आहे.

वसतिगृहांचा क्रम नंतर थांबला नाही. मुसलमान समाजाची शिक्षणसंस्था १९०६ मध्ये निघाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. लिंगायत विद्यार्थ्यांची सोय १९०७ मध्ये झाली. १९०८ मध्ये दैवज्ञांचे बोर्डिंग निघाले आणि त्याच साली आपल्या समाजाचे श्री नामदेव बोर्डिंग. पुढे पांचाळ, सारस्वत, कायस्थ प्रभू, ख्रिस्ती, वैश्य, ढोर-चांभार, नाभिक, देवांग अशी नामावळी वाढतच गेली आणि कोल्हापुरास विद्यार्थी वसतिगृहांची माता असे लोक म्हणू लागले. नामदेव बोर्डिंगचे नाव घेताना आम्हांस अभिमान वाटतो. पण त्या अभिमानात एक गोष्ट झाकली जाऊ नये. आपल्याच समाजातील धनिकांना तत्पूर्वी असे काही काढता आले असते. कापडाचा व्यापार करून चार पैसे गाठीस बांधलेली घरे तेव्हाही होती. त्यांनी देवळांचे जीर्णोद्धार केले, पंढरपूरच्या वाटेवर अन्नछत्रे घातली. विद्यार्थ्याचे अन्न हेही अन्नदानच, हे सुचावयास मात्र राजाची प्रेरणा लागली.

१९०८ हे साल आणखी एका वसतिगृहाचे आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव दिलेले मिस क्लार्क बोर्डिंग त्या साली अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी निघाले. त्याच्या प्रसंगाशी निगडित एक हकीकत आमच्या वाचकांस ठाऊक असेल. तरी ती येथे सांगणे अगत्याचे आहे. कोल्हापुरातील दुसऱ्या एका वसतिगृहात कुंभोजचा एक मुलगा राहात असे. तो मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास गेला. परत आल्यावर त्यास स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. त्याने ते साफ नाकारले आणि त्याबद्दल त्यास वसतिगृह सोडावे लागले. तो मुलगा म्हणजे पुढे कर्मवीर म्हणून महाराष्ट्राने गौरविलेले भाऊराव पाटील. भाऊराव स्वतः मॅट्रिक झाले नाहीत. परंतु १९२४ साली त्यांनी साताऱ्यास एक वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत; आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास नाव दिले गेले ते छत्रपती शाहू महाराजांचे.

या हकीकतीत महाराजांच्या योजनेवरील एक आक्षेपही दडलेला आहे, त्याचा विचार टाळता येत नाही. जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातिभेद दृढ केला, असे त्यांच्या हयातीतच बोलले जात होते. ज्या घरात केवळ आपल्या जातीची मुले राहतात तेथे आपल्या जातीचे सोवळेही राहावयास येते, हे भाऊरावांच्या अनुभवाने सिद्धच झाले. आम्ही स्वतः एका ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत लिहीत आहोत. तेव्हा हा आक्षेप परका म्हणून बाजूस सारणे आम्हांस शोभणार नाही. महाराजांस या धोक्याची जाणीव होती. १९२० साली नाशिक येथे मराठा वसतिगृहाच्या प्रसंगी त्यांनी आपला पूर्वीचा अनुभव सांगितला, की सर्वांचे एकत्र वसतिगृह काढून पाहिले, ते फसले, म्हणून निराळी वाट धरावी लागली. आणि जातींच्या संस्था जातिभेद मोडण्याकडे वळणार नसतील तर त्यांचे प्रयोजन नाही, असाही त्यांचा रोख होता. त्यांची कृतीही या बोलण्याशी जुळती होती. १९१९ मध्ये त्यांनी भिन्न जातीयांच्या विवाहांस मान्यता देणारा कायदा केला आणि अस्पृश्यांसाठी असलेल्या निराळ्या सरकारी शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम काढला. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेस जाऊन त्यांनी डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे वाखाणले. हे सर्व खरे. तरीही वसतिगृहांचे दरवाजे जातवारच राहिले आणि काही ठिकाणी ते फार काळ तसे राहिले. शिडी लावली होती माडीवर जाण्यासाठी; कित्येकांनी शिडीवरच बिऱ्हाड केले. हा दोष महाराजांचा किती आणि आपल्यासारख्या संस्थांचा किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आमच्या मते आपल्या बाजूची रक्कम मोठी निघेल.

महाराजांच्या मनात आणखी एक विचार बळावत गेला. शहरातील वसतिगृहांत येणारा मुलगा आधी मराठी चौथी उत्तीर्ण झालेला असे. ज्या गावात शाळाच नाही तेथून वसतिगृहात येणार कोण? सन १९१७ मध्ये त्यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवण्यात आला. त्या काळचा रुपया आणि आपल्या लोकांची कमाई लक्षात घेता हा दंड थोडा नव्हता, आणि तो कित्येकांस जाचला असेल यात शंका नाही. पण काजे करणाऱ्या मुलाचे दोन हात घरात ठेवण्याचा मोह ज्या बापास होतो, त्याच्याशी केवळ उपदेशाने भागत नाही. लहानशा संस्थानाने हा भार आपल्या शिरावर घेतला, आणि तोही सभोवतालच्या इंग्रजी मुलखात सक्तीचे शिक्षण सरकारच्या गळी उतरत नव्हते अशा काळात!

राधानगरीचे धरण, शाहूपुरीची पेठ, कुस्तीचे मैदान, संगीत-नाट्यास दिलेला आश्रय, वेदोक्त प्रकरणातील झगडा या गोष्टींत आम्ही येथे शिरत नाही. त्यांवर स्वतंत्र ग्रंथ झाले आहेत. कानपूर येथे १९१९ साली कुर्मी क्षत्रिय समाजाने त्यांस राजर्षी ही पदवी दिली, एवढा उल्लेख मात्र केला पाहिजे. कारण ती कोणा बादशहाने दिलेली नसून एका ज्ञातिपरिषदेने दिलेली होती आणि लोकांच्या तोंडी तीच राहिली.

महाराजांच्या उत्तरायुष्यातील एक प्रकरण मात्र असे आहे की, ते वाचताना आमचे मन प्रत्येक वेळी थांबते. त्यांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी हे जून १९१८ मध्ये शिकारीच्या अपघातात मरण पावले. विवाहास फार काळ लोटला नव्हता. पत्नी इंदुमतीदेवी तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या. राजघराण्यातील बालविधवेच्या वाट्यास त्या काळी काय येई हे सांगावयास नको; वाड्याच्या आतील एक दालन, एक लुगडे आणि एक पोथी. पुत्रशोकाने खचलेल्या महाराजांनी त्या दुःखातून वाट काढली ती अशी, की सून शिकली पाहिजे. वाड्यातील बायकांचा रोष आणि परंपरेचा धाक यांपासून दूर, शहराबाहेर सोनतळीच्या कॅम्पवर त्यांनी तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. तिला एकटेपणा वाटू नये म्हणून निरनिराळ्या जातींच्या मुली सहाध्यायिनी म्हणून तेथे ठेवल्या. ज्या राजाने पंधरा-वीस वसतिगृहे जातवार काढली, त्याने आपल्या घरच्या मुलीसाठी जे लहानसे वसतिगृह काढले ते जातवार नव्हते, हे आमच्या दृष्टीने त्या आक्षेपास सर्वांत बोलके उत्तर आहे.

मुलींच्या शिक्षणाविषयी येथे आम्हांस आपल्या समाजास दोन शब्द सांगावेसे वाटतात. नामदेव बोर्डिंगसारख्या संस्था निघाल्या त्या मुलांसाठी. मुलीने शहरी राहून मॅट्रिक व्हावे ही कल्पना आपल्या घरांत पुढे कित्येक वर्षे शिरली नाही. मशीन चालविणाऱ्या आयांनी रात्री जागून मुलांच्या फीचे पैसे उभे केले. त्याच घरातील मुली मराठी चौथीनंतर काजे करीत बसल्या. आज आपल्या गुणगौरव समारंभात मुलींची संख्या मुलांहून अधिक असते, याचा आनंद मानताना त्या मागल्या पिढीतील मुलींचे ऋण आपल्याकडे शिल्लक आहे याची नोंद असावी. तसेच, आपण ज्यांचा गौरव करतो ती मुले बहुधा शहरातील, शिकलेल्या आईबापांची असतात. त्यांस शाल-श्रीफळ द्यावे, यात वाद नाही. परंतु आपल्या शिष्यवृत्तिनिधीचा मोठा वाटा अद्यापही गुणांच्या क्रमाने वाटला जातो आणि खेड्यातून येऊन शहरात खोलीचे भाडे व खाणावळीचे पैसे भरू न शकणारा विद्यार्थी त्या क्रमात वर येत नाही. १८९६ च्या वसतिगृहाची गोष्ट येथे पुन्हा घडत आहे असे आम्हांस वाटते. निधी वाटपाचे नियम पुढील सर्वसाधारण सभेपुढे येतील तेव्हा सभासदांनी हा मुद्दा विचारात घ्यावा, अशी आमची विनंती आहे.

शोक आणि श्रम यांनी महाराजांची प्रकृती ढासळत गेली. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. वय पुरते अठ्ठेचाळीसही नव्हते. त्यांनी गादीवर घालविलेली वर्षे अठ्ठावीस. एवढ्या अवधीत इंग्रजी पहिलीपासून मॅट्रिकपर्यंत मुलांच्या चार पिढ्या लागोपाठ जाऊ शकतात. त्यांतील पहिल्या पिढीच्या वेळी हायस्कुलाच्या आसपास शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या मुलास पथारी टाकण्यास जागा नव्हती. चौथीच्या वेळी कोल्हापुरात अशा मुलाने कोणत्या बोर्डिंगात नाव घालावे हे सांगणारा माणूस त्याच्या गावातच असे.

मॅट्रिकची परीक्षाही पुढे गेली. १९४९ पासून तिच्या जागी मंडळाची एस.एस.सी. आली, १९७५ मध्ये जुनी अकरावी जाऊन दहावी आली. नावे बदलली, अभ्यासक्रम बदलले. सोनतळीस शिकलेल्या इंदुमती राणीसाहेबांनी महाराजांच्या मागे आपला अभ्यास चालू ठेवला आणि त्या मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. ते पाहण्यास महाराज नव्हते.